लाल रक्त, हिरवं पान

मुलांनो, तुमच्या घरी मासळी शिजत असेल, तर एक गोष्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. मासळी धुतलेलं पाणी आई मोरीत ओतत नाही. "जा रे, कढीपत्त्याला घालून ये," असं म्हणते. कोकणात तर ते पाणी माडाच्या बुंध्याशी जातं. आणि तुमच्या घरी मासळी शिजत नसेल, तर? तर आंबट झालेलं ताक कढीपत्त्याला जात असेल, तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला जात असेल. खरं ना?

आजीला विचारा, "का गं आजी, असं का करायचं?" आजी म्हणेल, "झाड खूश होतं!"

आजीचं उत्तर अगदी बरोबर आहे. पण झाड खूश होतं म्हणजे नेमकं काय होतं, ते आज आपण पाहणार आहोत. त्यासाठी एका खताची ओळख करून घेऊ. त्याचं नाव ऐकून तुम्ही आधी नाक मुरडाल, हे मला ठाऊक आहे. ते खत आहे रक्ताचं!

"शी! झाडाला रक्त?"

थांबा, पान उलटू नका. झाडांच्या रोपवाटिकेत, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत नर्सरीत, 'ब्लड मील' नावाची पुडी मिळते. आत गडद तपकिरी, जवळजवळ काळी पूड असते. लांबून पाहिली तर चहाची पावडरच वाटावी. वास घेतला की मात्र कळतं, हा चहा नव्हे! कत्तलखान्यात जमा झालेलं जनावरांचं रक्त वाळवून, दळून ही पूड करतात. शेतीच्या पुस्तकांत तिला 'वाळलेल्या रक्ताचे खत' म्हणतात. ती घालायची की नाही, हे शेवटी तुम्हीच ठरवा. पण आधी ती काय करते, ते तर पाहू.

पान पिवळं का पडतं?

गॅलरीतल्या गुलाबाकडे जरा नीट पाहा. खालची, जुनी पानं फिकट होऊन पिवळी पडली आहेत आणि शेंड्याची कोवळी पानं मात्र अजून हिरवी आहेत, असं दिसतंय का? तर बहुधा त्या झाडाला नत्र, म्हणजे नायट्रोजन कमी पडतो आहे.

पानाचा हिरवा रंग असतो हरितद्रव्याचा. उन्हाच्या मदतीने झाडाचं अन्न शिजवणारं हेच ते द्रव्य. हरितद्रव्य तयार करायला नत्र लागतो. पानातली प्रथिने तयार करायलाही नत्रच लागतो. मातीतला नत्र संपत आला, की झाड काय करतं ठाऊक आहे? जुन्या पानांमधला नत्र काढून घेतं आणि नव्या पानांकडे पाठवतं. घरातली मोठी माणसं आपल्या ताटातला लाडू उचलून धाकट्यांच्या ताटात ठेवतात ना, अगदी तसं! म्हणून आधी पिवळी पडतात ती जुनी पानं.

याच्या उलट, कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसलं, तर बहुतेक वेळा लोह कमी पडत असतं. लोह जुन्या पानांतून सहजासहजी हलत नाही, म्हणून त्याचा तुटवडा नव्या पानांत आधी दिसतो. म्हणजे पान कुठलं पिवळं पडलं, यावरून झाडाचं दुखणं ओळखता येतं. झालात की नाही झाडांचे डॉक्टर?

आता तुमच्यातला एखादा हुशार दोस्त विचारेल, "पण हवेत तर ७८ टक्के नायट्रोजन असतो. झाड चोवीस तास हवेतच उभं आहे. मग त्याला नत्राची टंचाई कशी?"

शाबास! प्रश्न फार छान आहे. हवेतल्या नायट्रोजनचे अणू जोडीजोडीने असतात आणि त्यांनी एकमेकांना फार घट्ट धरलेलं असतं. ती पकड सोडवणं झाडाच्या ताकदीबाहेरचं आहे. म्हणजे तिजोरी दारात उभी, पण किल्ली नाही! माणसाने ही किल्ली कारखान्यात तयार केली ती विसाव्या शतकात. फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करून दाखवला आणि १९१३ मध्ये जर्मनीत त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. आजचा युरिया हा त्याच वाटेने आलेला.

त्याआधी हजारो वर्षं शेतकऱ्याने काय केलं? जो नत्र आधीच कुणाच्या तरी शरीरात बांधला गेला आहे, तोच परत मातीला दिला. शेण, पालापाचोळा, पेंड, मासळी, हाडं आणि रक्त!

भोंडल्यातला हत्ती

रक्तात साधारण ८० टक्के पाणी असतं. ते उडून गेलं की जे उरतं, त्यात मुख्यतः प्रथिने असतात. त्यांतलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे हिमोग्लोबिन. रक्ताला लाल रंग देणारं आणि आपण श्वासातून घेतलेला प्राणवायू अंगभर पोचवणारं.

आता गंमत ऐका. तुम्ही भोंडला पाहिला असेल, खेळलाही असाल. मध्ये पाटावर हत्ती आणि भोवती मुलींचा फेर. हिमोग्लोबिनच्या रेणूतही असेच फेर असतात, एकूण चार. प्रत्येक फेरात मध्यभागी लोहाचा एक अणू आणि त्याला लागून भोवती नत्राचे चार अणू.

आणि पानातलं हरितद्रव्य? तिथेही असाच फेर! भोवती नत्राचे चार अणू तसेच. फक्त मधल्या पाटावर लोहाऐवजी मॅग्नेशियम बसलेलं. फेरातले बाकीचे काही धागेदोरे वेगळे आहेत, पण घडण बरीचशी सारखी. एक लाल, एक हिरवं. एक तुमच्या अंगात, एक गुलाबाच्या पानात. हान्स फिशर नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने या दोन्ही रंगद्रव्यांच्या रचनेचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्याला १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं.

पण एक घोटाळा करू नका हं. रक्तातला हा फेर उचलून झाड तसाच्या तसा पानात बसवत नाही. झाडाला मिळणारा नत्र येतो तो मुख्यतः रक्तातल्या प्रथिनांमधून आणि तोही मोडूनतोडून, अगदी बारीक होऊन. हे मोडतोडीचं काम कोण करतं?

मातीखालचा कारखाना

हे काम करतात मातीतले जीवाणू. चमचाभर चांगल्या मातीत ते कोट्यवधी असतात. रक्ताची पूड ओल्या मातीत पडली, की जीवाणूंची एक टोळी प्रथिनांचे तुकडे करते. त्यातून अमोनिया निघतो. दुसरी टोळी, नायट्रोसोमोनास तिचं नाव, अमोनियापासून नायट्राइट तयार करते. तिसरी टोळी म्हणजे नायट्रोबॅक्टर. ती नायट्राइटचं नायट्रेट करते. हे नायट्रेट पाण्यात विरघळतं आणि मुळं ते पाण्याबरोबर पिऊन टाकतात.

म्हणून हे खत घातल्यावर दुसऱ्या दिवशी पान हिरवं होत नाही. आठवडे लागतात. माती उबदार आणि ओलसर असेल तर काम भराभर होतं. थंडीत किंवा कोरड्या मातीत कारखाना मंदावतो. तुमचं मासळीचं पाणी आणि आंबट ताकसुद्धा याच कारखान्यातून जातं. त्यांतही थोडी प्रथिने असतात ना!

नाल्यात की मातीत?

कुणी म्हणेल, "म्हणजे खतासाठी जनावरं मारतात?" नाही. जनावरं कापली जातात ती मांसासाठी. रक्त हे त्यातून उरतं. प्रश्न असतो तो त्याचं करायचं काय, हा.

समजा, ते नाल्यात सोडलं. नाल्यातले जीवाणू त्यावर तुटून पडतात आणि ते खाताना पाण्यातला प्राणवायू संपवून टाकतात. एक लिटर रक्त कुजायला जेवढा प्राणवायू लागतो, तो घरातल्या एक लिटर सांडपाण्याच्या शेकडो पट असतो. नाल्यातून हे पाणी नदीत गेलं, की मासे गुदमरतात, पाणी काळं पडतं, वास सुटतो.

तेच रक्त गोळा करून तापवलं, की ते गोठतं. दाबून त्यातलं पाणी काढायचं, उरलेलं वाळवायचं आणि दळायचं. एक लिटर रक्तातून साधारण २०० ग्रॅम पूड मिळते. जी वस्तू नदीत विष ठरली असती, तीच मातीत अन्न ठरते. फरक फक्त जागेचा!

थोडं गणित

वही-पेन्सिल घ्या. रक्ताच्या खतात १० ते १२ टक्के नत्र असतो. आपण १२ धरू. म्हणजे १०० ग्रॅम पुडीत १२ ग्रॅम नत्र. आता एवढाच नत्र दुसऱ्या खतांतून द्यायचा, तर किती खत लागेल?

शेंगदाण्याच्या पेंडीत साधारण ७ टक्के नत्र असतो. म्हणजे सुमारे १७० ग्रॅम पेंड. निंबोळी पेंडीत साधारण ५ टक्के. म्हणजे २४० ग्रॅम. आणि शेणखतात? साधारण अर्धा टक्का. म्हणजे तब्बल २ किलो ४०० ग्रॅम!

मग शेणखत वाईट का? मुळीच नाही. शेणखत माती भुसभुशीत करतं, ओल धरून ठेवतं, जीवाणूंना घर देतं. चमचाभर पुडीला हे जमणार नाही. शिवाय रक्ताच्या खतात स्फुरद आणि पालाश अगदी थोडं असतं. फुलं, फळं आणि मजबूत मुळं हवीत तर तीही लागतात. म्हणून शेणखत म्हणजे रोजची भाजी-भाकरी आणि रक्ताचं खत म्हणजे औषधाचा चमचा, असं समजा. औषध जास्त झालं तर काय होतं? ते मी माझ्याच फजितीतून सांगतो.

मूठभर चूक

एकदा मी ही पुडी आणली. पुडीवर मोठ्या अक्षरांत 'सेंद्रिय' असं लिहिलं होतं. मला वाटलं, सेंद्रिय म्हणजे निर्धोक, कितीही घाला! गुलाबाला मी चांगलं मूठभर खत घातलं आणि वर पाणी ओतलं. आठवडाभरात पानांच्या कडा भाजल्यासारख्या करपल्या. मातीत एकदम फार अमोनिया आणि क्षार साठले, की मुळं होरपळतात. त्यात भर म्हणून वासाने मांजर आलं आणि तिने अख्खी कुंडी उकरून ठेवली. गुलाब काही वाचला नाही.

पण खरी चूक ती नव्हती. पुडीतलं थोडं खत उरलं होतं. ते मी तुळशीला घातलं. कुणाला न विचारता.

दोन दिवसांनी आईने ती रिकामी पुडी उचलली. चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. मला वाटलं, आता रागावणार. ती रागावली नाही. तुळशीपाशी गेली आणि खुरप्याने वरची सगळी माती काढून दुसऱ्या झाडाला घातली. नवी माती भरली. मग एवढंच म्हणाली, "अरे, मला विचारलं तरी असतंस."

ती तुळस तिची होती. रोज सकाळी आंघोळ झाल्यावर ती तिला पाणी घालायची, संध्याकाळी दिवा लावायची. नत्र कुठूनही आला तरी झाडाला सारखाच, हे रसायनशास्त्र मला येत होतं. पण झाडाला सारखं असलं, तरी झाड लावणाऱ्याला ते सारखं असेलच असं नाही, हे मला तेव्हा कळलं. म्हणून मुलांनो, पुडीच्या पुढची मोठी अक्षरं वाचून थांबू नका. मागची बारीक अक्षरंही वाचा. आणि घरातल्यांना सांगूनच खत घाला.

हजार वर्षांपूर्वीची कृती

रक्ताचं खत हे परदेशी खूळ आहे, असं वाटतंय का? सुरपाल नावाच्या पंडिताने सुमारे हजार वर्षांपूर्वी संस्कृतात 'वृक्षायुर्वेद' हा ग्रंथ लिहिला. त्याची हस्तलिखित प्रत इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या ग्रंथालयात होती. तिच्यावरून डॉ. नलिनी साधले यांनी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते १९९६ मध्ये प्रसिद्ध झालं.

या ग्रंथात 'कुणपजल' नावाच्या पातळ खताची कृती आहे. कुणप म्हणजे मृत शरीर. डुकराची विष्ठा, मांस, हाडांतली मज्जा, मेंदू आणि रक्त पाण्यात मिसळून जमिनीत पुरून ठेवायचं, असं सुरपाल सांगतो. जीवाणू कुणी पाहिलेसुद्धा नव्हते तेव्हाची ही गोष्ट! पण कुजलेल्या जीवातून झाडाला बळ मिळतं, हे निरीक्षण पक्कं होतं. आज काही शेतकरी हेच कुणपजल प्राण्यांचं काही न घालता, तण, हिरवा पाला, शेण आणि गूळ वापरून करतात. म्हणजे मूळ कल्पना तीच, पण भांड्यात काय घालायचं ते ज्याचं त्याने ठरवलं.

घालायचं असेल तर, नको असेल तर

घरातल्यांची परवानगी असेल, तर दहा-बारा इंची कुंडीला लहान चहाचा एक सपाट चमचा पूड पुरे. ती खोडाला चिकटवू नका. कडेच्या मातीत मिसळा, वर थोडी माती पसरा आणि पाणी घाला. पुढचा चमचा दीड-दोन महिन्यांनी. अगदी कोवळ्या रोपांना घालू नका. टोमॅटो-मिरचीला फुलं यायच्या सुमाराला नत्र जास्त झाला, तर नुसती पानंच माजतात आणि फळं रुसतात. पूड उडते, म्हणून नाकाला रुमाल बांधा आणि नंतर साबणाने हात धुवा. डबा घट्ट बंद करून लहान भावंडं, कुत्री-मांजरं यांच्यापासून दूर ठेवा. आणि हो, खाटकाकडून ताजं रक्त आणून कुंडीत ओतायचं नाही! माश्या, दुर्गंधी आणि रोगजंतू, तिन्ही घरात येतील.

नको असेल, तर काहीच अडत नाही. शेंगदाण्याची पेंड दीडपट-पावणेदोनपट घ्या, पाण्यात भिजवून मातीत मिसळा. निंबोळी पेंड घाला. नियम तोच, थोडं आणि बेताने.

करून पाहा : एक

सारख्या आकाराच्या तीन कुंड्या घ्या. तिन्हींत एकच माती भरा आणि पालक लावा. रोपं चार बोटं उंच झाली, की पहिल्या कुंडीला काहीच घालू नका. दुसरीला एक सपाट चमचा रक्ताचं खत आणि तिसरीला जवळजवळ दोन चमचे शेंगदाण्याची पेंड घाला. रक्ताचं खत नको असेल, तर दुसऱ्या कुंडीला अडीच चमचे निंबोळी पेंड चालेल. तिन्हींना सारखं ऊन, सारखं पाणी. दर रविवारी पानांची संख्या, सर्वांत मोठ्या पानाची लांबी आणि रंग वहीत लिहा. पाच आठवडे. आधी वाटलं होतं तसंच झालं का? नसेल झालं, तर तेही लिहा. खरा शास्त्रज्ञ नको असलेलं उत्तरही खोडत नाही.

करून पाहा : दोन

हा प्रयोग सगळ्यांत सुंदर. एका कुंडीत शेतातली किंवा बागेतली माती भरून चवळी, मूग किंवा भुईमूग पेरा. खत काही घालू नका. झाडाला फुलं येऊ लागली, की एक रोप माती ओली करून अलगद उपटा. मुळं पाण्यात हलक्या हाताने धुवा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. हा रोग नव्हे. या गाठींमध्ये रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. मघाच्या त्या तिजोरीची किल्ली त्यांच्याजवळ आहे! हवेतला नायट्रोजन पकडून ते झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर देतं.

आता एक मोठी गाठ नखाने फोडा. आत काय दिसतं?

गुलाबी! अगदी रक्त दिसावं तसा लालसर गुलाबी रंग. हे आहे लेगहिमोग्लोबिन, आपल्या हिमोग्लोबिनचं झाडातलं भावंडं. १९३९ मध्ये कुबो या जपानी शास्त्रज्ञाने त्याची ओळख पटवली. तोच फेर, मध्ये तोच लोहाचा हत्ती. आत फार प्राणवायू साचला तर जीवाणूंचं नत्र पकडण्याचं काम बंद पडतं. म्हणून प्राणवायू मोजून-मापून पोचवण्याचं काम हे गुलाबी द्रव्य करतं. गाठ आतून गुलाबी, म्हणजे काम जोरात चालू आहे. हिरवट किंवा पांढरी, म्हणजे काम थंड आहे.

म्हणजे "शी! झाडाला रक्त?" असं आपण सुरुवातीला म्हणालो, आणि चवळीच्या मुळाशी रक्ताचं भावंडं आधीपासूनच बसलेलं होतं!

काम झालं, की ते उपटलेलं रोप फेकून देऊ नका. मुळासकट बारीक करून गुलाबाच्या कुंडीत पुरा. त्यातला नत्र गुलाबाला मिळेल. आणि गुलाबाची पानं गळतील, ती पुन्हा चवळीच्या कुंडीत घाला.

आई-बाबा, या रविवारी मुलांबरोबर तुम्हीही त्या कुंडीपाशी बसा. आणि गाठ फोडायच्या आधी आजीला हाक मारायला विसरू नका. झाड खूश होतं म्हणजे काय, ते आता तिला दाखवायची पाळी तुमची!